गावठी : एका कुत्र्याचा आणि एका शब्दाचा इतिहास

(हा आमच्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लेखी मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवलाय. वाचताना थांबायला जागा मिळावी म्हणून उपशीर्षकं तेवढी टाकली आहेत.)



आज एका शब्दापासून सुरुवात करू. गावठी. बाजारात गावठी कोंबडी म्हटलं की आपण जास्त पैसे द्यायला तयार. गावठी अंडी, गावठी तूप, गावठी लसूण, सगळ्याला मान. तोच शब्द कुत्र्याला लावला की मात्र अर्थ उलटा होतो. "कुठल्या ब्रीडचा आहे?" "गावठी आहे." संपलं. समोरच्याचा चेहरा बघायचा. मी नाशिकमध्ये सुट्टीच्या दिवशी पिल्लांना घरं शोधून द्यायच्या कामात हात लावतो, आणि या एका उत्तरावर किती फोन बंद होतात ते रोज ऐकतो.

म्हणून हा भाग. आपल्याकडचा सगळ्यात जुना, सगळ्यात जास्त दिसणारा आणि सगळ्यात कमी समजून घेतलेला कुत्रा नकोसा कधी झाला? आणि त्याला घर द्यायची कल्पना आली कुठून? गोष्ट दायमाबादपासून सुरू होते, मुंबईतल्या एका दंगलीतून जाते आणि थेट २०२५ मधल्या सुप्रीम कोर्टात येते.

प्रवरेकाठचा कुत्रा

नाशिकहून फार लांब नाही, श्रीरामपूर तालुक्यात प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद नावाचं ठिकाण आहे. १९७४ मध्ये तिथे जमीन खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, म्हैस आणि एक रथ. रथाला दोन बैल जुंपलेत, रथात एक माणूस उभा आहे, आणि रथाच्या दांडीवर एक कुत्रा. काळाबद्दल अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत, पण प्रा. म. के. ढवळीकरांसारख्यांनी तो सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा, उत्तर हडप्पा काळातला मानला. म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यात कुणीतरी रथ ओतताना ठरवलं, की बैल पाहिजेत, माणूस पाहिजे, आणि कुत्राही पाहिजे.

पुढेही कुत्रा आपल्या देवळात आहेच. खंडोबाबरोबर कुत्रा असतो आणि त्याचे भक्त स्वतःला वाघ्या म्हणवतात. जुन्या प्रथेत हे वाघ्ये देवाचे कुत्रे म्हणून भुंकायचे, कोटंब्यातलं अन्न कुत्र्यासारखं खायचे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, त्यांना चार वेद म्हणतात. काळभैरवाचं वाहन काळा कुत्रा. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज आपण लहानपणी ऐकलेले असतात.

पण हेही खरं, की त्याच समाजात "कुत्रा" ही शिवी होती आणि कुत्रा शिवला तर विटाळ व्हायचा. देवाच्या पायाशी चालेल, ओट्यावर नको. त्यामुळे "आमच्या संस्कृतीत प्राण्यांवर प्रेमच प्रेम होतं आणि इंग्रजांनी येऊन बिघडवलं" असं सरळ सांगता येत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र नांदत होत्या. कुत्रा कुणा एकाचा नव्हता, पण वस्तीचा होता. शिळं-पाकं खायचा आणि रात्री भुंकायचा, असा तो न लिहिलेला करार होता.

"ब्रीड" ही गोष्ट किती जुनी?

आता थोडं बाहेर बघू. आपण ज्याला ब्रीड म्हणतो ती कल्पना फार अलीकडची आहे. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला १८५९ साली कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं, लंडनचा केनेल क्लब १८७३ चा. नोंदवही ठेवायची, आई-बाप लिहायचे, कानाची लांबी आणि शेपटीचा बाक ठरवायचा, हे सगळं तिथून. जर्मन शेफर्डची अधिकृत नोंद १८९९ ची. म्हणजे आपल्या नाशिकरोडच्या प्रेसपेक्षा तो फार काही म्हातारा नाही.

गावठी कुत्रा या वहीत कधीच नव्हता. त्याला कुणी "तयार" केलं नाही. हवा, अन्न, रोगराई आणि माणसाचा शेजार यांनी हजारो वर्षांत जो टिकवला तो हा. आखूड केस, उभे कान, निमुळतं तोंड, वर वळलेली शेपूट. लोकांना वाटतं की सगळ्या ब्रीडची सरमिसळ होऊन गावठी कुत्रा झाला. शहरात थोडीफार सरमिसळ झालीही आहे, पण मूळ क्रम उलटा आहे. असे गावकुसाचे कुत्रे आधी होते. माणसाने त्यांच्यातून निवडून निवडून ब्रीड नंतर काढल्या. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर हा मूळ कोड आहे, बाकीच्या त्यावरून काढलेल्या आवृत्त्या.

इंग्रजांनी त्याला नाव दिलं "पराया डॉग", उच्चारी "पारिया". आणि हे नाव आलं कुठून? तमिळनाडूतल्या परैयर या जातीच्या नावावरून. परै म्हणजे ढोल. ढोल वाजवणाऱ्या, गावाबाहेर ठेवलेल्या माणसांच्या जातीचं नाव उचललं आणि मालक नसलेल्या कुत्र्याला लावलं. एका शब्दात माणसाचाही अपमान आणि कुत्र्याचाही. म्हणून आता काम करणारे बरेच जण तो शब्द टाळतात, "इंडॉग" किंवा "इंडी" म्हणतात. मला विचाराल तर गावठी शब्दात वाईट काही नाही. तो कोंबडीला लावतो त्याच सुरात लावला पाहिजे, एवढंच.

मुंबई, जून १८३२

आता मुख्य प्रकरण. मुंबईत कंपनी सरकारचा नियम होता, की उन्हाळ्याच्या ठराविक दिवसांत मोकाट कुत्री मारायची. कारण होतं पिसाळण्याची भीती. १८३२ मध्ये ही मुदत वाढवून जूनच्या मध्यापर्यंत नेली. कुत्रं मारलं की इनाम मिळायचं. इनाम म्हटल्यावर काय होणार ते तुम्हाला कळलंच असेल. शिपाई मोकाट आणि पाळीव असा फरक करीनात. लोकांच्या दारातली, घरातली कुत्री ओढून नेऊ लागले.

पारशी समाजात कुत्रा पवित्र. माणूस गेला की पार्थिवाला कुत्र्याची नजर लागावी म्हणून सगदीद नावाचा विधी असतो. त्यासाठी "चार डोळ्यांचा" कुत्रा उत्तम, म्हणजे डोळ्यांवर दोन ठिपके असलेला. आपल्या गल्लीत असे ठिपकेवाले किती दिसतात बघा! ६ जूनला, पारशांच्या एका पवित्र दिवशी, फोर्ट भागात कुत्री मारणाऱ्या शिपायांना जमावाने चोप दिला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. त्यात पारशांबरोबर हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही होते. कुलाब्याच्या लष्कराची रसद अडली. शेवटी सैन्य आणून धरपकड करावी लागली.

मुंबईच्या इतिहासात ही दंगल बहुतेक वेळा गमतीशीर तळटीप म्हणून येते. पण पुढे काय झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जमशेदजी जीजीभॉय आणि इतर प्रतिष्ठितांनी मध्यस्थी केली, अर्ज दिले, आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडायचा मार्ग पुढे आला. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेदजी आणि मुंबईचे जैन शेठ यांनी मिळून भुलेश्वरला पांजरपोळ काढली. तिच्या स्थापनेचं एक कारणच हे होतं, की इंग्रज मारत असलेल्या कुत्र्यांना आणि डुकरांना आसरा मिळावा.

आज पांजरपोळ म्हटलं की गाई आठवतात. नाशिकचीही पांजरपोळ एकोणिसाव्या शतकातली, आणि चुंचाळ्याकडची तिची झाडी आपल्याला माहीत आहे. पण मुंबईतल्या पांजरपोळीची सुरुवात नकोशा गावठी कुत्र्यांपासून झाली, हे फारसं कुणी सांगत नाही. "रेस्क्यू" हा शब्द विलायती असेल. काम आपल्याकडे जवळपास दोनशे वर्षं चालू आहे.

चौदा इंजेक्शनांची भीती

आता दुसरी बाजू, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट खोटी ठरेल. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारतात वर्षाला अठरा ते वीस हजार मृत्यूंचा अंदाज अनेक वर्षं धरला. अलीकडच्या अभ्यासांत तो बराच कमी आला, तरी हजारांतच आहे. मरणाऱ्यांत लहान मुलं मोठ्या संख्येने असतात. कुत्र्याला घाबरणाऱ्या आईला "तुम्हाला प्राण्यांचं प्रेमच नाही" असं ऐकवणं हा उद्धटपणा आहे.

पाश्चरने १८८५ मध्ये रेबीजची लस माणसावर वापरली. १९०० मध्ये कसौलीला संस्था निघाली, तिथे डेव्हिड सेंपलने नवी लस बनवली. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ही लस आपल्याकडे विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत चालली, २००४-०५ च्या सुमारास बंद झाली. "पोटात चौदा इंजेक्शनं" ही आपल्या आई-वडिलांच्या पिढीची भीती तिथून आलेली. आता लस दंडात घेतात, चार-पाच डोस पुरतात. पण भीती अजून चौदाचीच आहे. कुत्रा चावला किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. एवढं तरी या भागातून घेऊन जा.

मारून कमी का झाले नाहीत?

१९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला, त्यातही मोकाट कुत्री मारायची सूट ठेवली होती. मुंबई महापालिका १९९४ पर्यंत कुत्री मारत होती. शंभराहून जास्त वर्षं, दरवर्षी. आणि कुत्री संपली का? नाही.

कारण साधं आहे. रस्त्यावर किती कुत्री जगतील हे तिथे किती अन्न आहे यावर ठरतं. उकिरडा, हॉटेलचा मागचा दरवाजा, मटणाचं दुकान जसंच्या तसं राहिलं, तर आज मारलेल्या दहाच्या जागी बाजूच्या गल्लीतले दहा येतात. शिवाय जुने, ओळखीचे, लस टोचलेले जातात आणि नवे, बिनलशीचे येतात. १९९० च्या सुमाराला जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलं, की नुसतं मारून रेबीज आटोक्यात येत नाही. तोवर चेन्नईतल्या ब्लू क्रॉसने नसबंदीचा आग्रह अनेक वर्षं धरला होता.

मग डिसेंबर २००१ मध्ये केंद्राचे नियम आले, आणि २०२३ मध्ये ते नव्याने काढले. पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या, कानाला खूण करा आणि उचललं तिथेच परत सोडा. हे सगळ्यांना पटलं असं नाही. २००८ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने बहुमताने उपद्रवी कुत्री मारायला परवानगी दिली होती. सुप्रीम कोर्टाने ती पुढच्याच महिन्यात थांबवली.

नियम चालतो का? नीट राबवला तर चालतो, याचं उदाहरण शेजारी गोव्यात आहे. २०१३ नंतर तिथे घरोघर, गल्लोगल्ली जाऊन लस दिली, वर्षाला लाखाच्या आसपास कुत्र्यांना. शाळांत मुलांना शिकवलं, पिसाळलेल्या कुत्र्याची खबर द्यायला फोन लाईन ठेवली. २०१८ नंतर पुढची काही वर्षं तिथे माणसाचा एकही रेबीज मृत्यू नोंदला नाही. सूत्र असं, की दहातल्या सात कुत्र्यांना लस असेल तर साखळी तुटते. आपल्याकडे अडचण नियमात नाही. निम्मं काम करून फाईल बंद करण्यात आहे. ही सवय आम्हा कोड लिहिणाऱ्यांनाही ओळखीची आहे.

जातीवरून निकाल

इथे एक आडवळण घेतो. नकोसा कुत्रा फक्त गावठी असतो असं नाही. पिटबुलचं बघा. इंग्लंडमध्ये बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ १८३५ मध्ये बंद झाला, मग शौकिनांनी कुत्र्यांच्याच झुंजी लावल्या आणि त्यासाठी ही पैदास झाली. २०२२ मध्ये लखनौत एका वृद्ध महिलेचा घरच्याच पिटबुलने जीव घेतला आणि देशभर घबराट पसरली. मार्च २०२४ मध्ये केंद्राने पत्र काढून तेवीस प्रकारच्या कुत्र्यांवर बंदी घालायला सांगितलं. कर्नाटक हायकोर्टाने ते पुढच्याच महिन्यात रद्द केलं, कारण संबंधितांना विचारलंच नव्हतं.

अमेरिकेत २००७ मध्ये मायकेल विक या फुटबॉलपटूच्या झुंजीच्या अड्ड्यावरून पन्नासच्या आसपास पिटबुल सोडवले. तोपर्यंतची रीत म्हणजे असे कुत्रे सरळ मारायचे. या वेळी पहिल्यांदा एकेकाची स्वतंत्र तपासणी केली, आणि बहुतेक सगळे वाचले. काही घरांत गेले, काही आश्रयगृहात राहिले. धडा असा, की ताकदवान कुत्र्याची जबाबदारी मोठी, हे खरंच. पण निकाल एकेका कुत्र्याला बघून द्यायचा असतो, जातीचं नाव वाचून नाही. हे वाक्य आपल्या देशात माणसांबद्दलही बोलावं लागतं, म्हणून ते कळायला आपल्याला जड जाऊ नये.

२०२५ : पुन्हा तोच प्रश्न

११ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरातली सगळी मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, परत सोडू नका, असा आदेश दिला. देशभर गदारोळ झाला. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलला. नसबंदी आणि लस झालेली कुत्री परत सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक सोडू नका, खाऊ घालायच्या जागा ठरवा. मग ७ नोव्हेंबरला आदेश आला, की शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं, क्रीडासंकुलं इथली कुत्री हलवा आणि त्यांना तिथे परत सोडू नका.

आता १८३२ आठवा. मारू नका, बाहेर न्या. "बाहेर" म्हणजे कुठे, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. शाळेच्या आवारात कुत्री नकोत हे मलाही मान्य आहे. पण निवारा म्हणजे कोंडवाडा नव्हे. जागा, पाणी, डॉक्टर, रोजचं खाणं, आजारी कुत्र्यांना वेगळं ठेवायची सोय, हे सगळं दर महिन्याला लागतं. आणि निवाऱ्यातून बाहेर जायचा रस्ता नसेल तर तो पहिल्या वर्षातच भरतो. त्यात नाशिकमध्ये २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. शहर "स्वच्छ" दिसायची घाई असते तेव्हा कोण नजरेआड केलं जातं, हे आपण आधीच विचारायला हवं.

२२ ऑगस्टच्या त्याच आदेशात एक ओळ कमी चर्चिली गेली. ज्यांना कुत्रा दत्तक घ्यायचाय त्यांनी महापालिकेकडे अर्ज करावा, आणि घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. म्हणजे मारणं, हलवणं, नसबंदी करून सोडणं, यानंतर चौथा मार्ग कोर्टाच्या कागदावर आला. घर.

घर कुणाला, कसं?

इथे स्पष्ट बोलतो. प्रत्येक गावठी कुत्र्याला घर हवंच असं नाही. पाच वर्षं गल्लीत राजा म्हणून जगलेला, लस-नसबंदी झालेला, सगळ्यांना ओळखणारा कुत्रा टू-बीएचकेमध्ये कोंडला तर तो सुखी होईलच असं नाही. घर लागतं ते आई गमावलेल्या पिल्लांना, अपघातात पाय गेलेल्यांना, हौसेने आणून टाकून दिलेल्यांना आणि आता जागेवरून उचललेल्यांना.

पिल्लू नेताना लोकांना ते गोजिरवाणं हवं असतं. सहा ते आठ महिन्यांचं झालं, दात शिवशिवले, चप्पल फाडली, की फोन येतो, "परत घेऊन जा." आम्ही म्हणूनच घर देण्याआधी घरातल्या सगळ्यांशी बोलतो. एकट्या मुलाची हौस आणि आजीचा नकार असेल तर देत नाही. भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारतो. सोसायटीचा सेक्रेटरी नियम दाखवतो तेव्हा सांगतो, की पशुकल्याण मंडळाच्या परिपत्रकानुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. नसबंदीची तारीख आधीच लिहून घेतो. माद्या आणि काळी पिल्लं सगळ्यात शेवटी जातात. हे दर वेळी होतं आणि दर वेळी वाईट वाटतं.

घरी आल्यावर तीनाचा हिशोब लक्षात ठेवा. पहिले तीन दिवस तो घाबरलेला असतो, कोपऱ्यात बसतो, खात नाही. तीन आठवड्यांत घराची वेळ कळते. तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. गावठी कुत्रा लॅब्रॅडॉरसारखा प्रत्येक पाहुण्याच्या अंगावर प्रेमाने पडणार नाही. तो आधी बघतो, वास घेतो, मग ठरवतो. लोक याला माणूसघाणेपणा म्हणतात. त्याच्या हजारो वर्षांच्या नोकरीचा तो भाग आहे. पिल्लू तीन ते बारा आठवड्यांचं असताना जितकी वेगवेगळी माणसं, आवाज, जागा त्याला शांतपणे दाखवाल, तितका तो मोठेपणी निवांत होतो.

आणि ही नोकरी आजही चालू आहे. निफाड-सिन्नरच्या मळ्यांत रात्री कोण भुंकतं? शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय यांच्या चमूने बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, २०१४ मध्ये तो छापून आला. बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशोबाने सगळ्यात मोठा वाटा पाळीव-भटक्या कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. उसातल्या बिबट्याची पहिली खबर देणारा आणि बऱ्याचदा पहिला बळी जाणारा हाच. त्याच्यावर कुणी पुतळा उभारत नाही. रायगडावरच्या वाघ्याचा पुतळा १९३६ चा. तो खरा की दंतकथा यावर अजून वाद रंगतात. खऱ्या-खोट्याचा निकाल इतिहासकार लावतील. दारातला वाघ्या मात्र खराच आहे, आणि त्याला वाडगाभर पाणी लागतं.

तर मंडळी, एवढ्या प्रवासातून मला दिसलं ते असं. या कुत्र्याबद्दलचे निर्णय आपण नेहमी घोळक्याने घेतले. सगळे मारा, सगळे हलवा, सगळे सोडा. जिथे काम झालं, मग ते गोव्यातलं लसीकरण असो किंवा एखाद्या पिल्लाला मिळालेलं घर, तिथे कुणीतरी एकेका कुत्र्यापाशी थांबलं होतं. तुम्हाला घरी कुत्रा घेता येत नसेल तर हरकत नाही. तुमच्या गल्लीतल्या कुत्र्यांच्या कानाला खूण आहे का तेवढं बघा. नसेल तर महापालिकेकडे तक्रार नोंदवा आणि पाठपुरावा करा. हॉटेलवाल्याला उरलेलं घंटागाडीत टाकायला सांगा. आणि कुणी विचारलं "कुठल्या ब्रीडचा?" तर गावठी तुपाबद्दल सांगतो त्याच तोऱ्यात सांगा, गावठी आहे.

पुढच्या भागात भेटूच. तोपर्यंत काळजी घ्या.